आधी मुक्काम मोजा

भिवंडी तालुक्यातल्या कशेळीत उंचीचा विषय सहसा निघत नाही. (राजापूरकडची कनकादित्याची कशेळी वेगळी, ही ठाण्यातल्या बाळकुमसमोरची, खाडीपूल ओलांडला की लागणारी.) उल्हास नदीच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती चढते आणि गावाची जमीन त्या पाण्यापेक्षा जेमतेम काही मीटर वर आहे. गोदामे, त्यांच्या कचेऱ्या, गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले टॉवर आणि मेट्रो पाचचे खांब असा हा पट्टा. इथल्या आणि शेजारच्या काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा भागातल्या नोकरदार घरांत परदेशी सहलीचे बेत होऊ लागले आहेत आणि त्या सहलीत ‘एखादा मोठा ट्रेक’ असावा अशी इच्छाही धरली जाते. एव्हरेस्ट बेस कॅम्प, किलिमांजारो, कैलासाची परिक्रमा ही नावे आता केवळ गिर्यारोहकांच्या तोंडी राहिलेली नाहीत. पावसाळ्यात सह्याद्री पालथा घालणाऱ्या माणसाला हिमालयाची ओढ लागावी यात नवल नाही. ती ओढ चांगलीच आहे. चुकते ते नियोजन. बेत ठरताना पहिला प्रश्न येतो ‘खर्च किती?’ आणि दुसरा ‘कमीत कमी किती दिवसांत होईल?’ माझे म्हणणे असे की, हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी कागदावर रात्री मांडाव्यात: कोणत्या रात्री कुठे झोपणार आणि ती जागा किती उंचावर आहे. तो हिशेब रजेत बसत नसेल तर डोंगर बदलावा किंवा वर्ष बदलावे. रात्री मात्र कापू नयेत.

हा आग्रह कशासाठी, हे कळायला उंचीवर शरीरात काय होते ते पाहावे लागते. हवेत प्राणवायूचे प्रमाण खाडीकाठी आणि शिखरावर सारखेच असते, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण साडेपाच हजार मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. शरीर याला उत्तर देते, पण टप्प्याटप्प्याने. श्वासाचा वेग तासाभरात वाढतो. त्या वेगाने रक्ताचे रासायनिक संतुलन ढळते, ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात आणि तांबड्या पेशी वाढायला आठवडे. ही कामे कितीही पैसे भरले तरी लवकर उरकत नाहीत. त्यांना वेळ मिळाला नाही तर आधी डोके दुखते, मळमळते, जेवण नको होते, गळून जायला होते. तेवढ्यावर थांबलो तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. तसेच वर चढत राहिलो तर काहींच्या फुप्फुसांत पाणी भरते, काहींच्या मेंदूला सूज येते, आणि या दोन्हींत काही तासांत माणूस दगावू शकतो. शिवाय त्रास सुरू होतो तो पोचल्यावर सहा-बारा तासांनी, बहुधा रात्री. दुपारी हसतखेळत लॉजवर पोचलेला गडी मध्यरात्री उलट्या करू लागतो तो त्यामुळेच.

हे ज्ञान आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. १९६२ च्या युद्धाच्या वेळी आणि त्यानंतर मैदानी भागातल्या तुकड्या घाईघाईने हिमालयाच्या उंचीवर पाठवाव्या लागल्या. हे जवान तरुण होते, कवायतीत तयार झालेले होते, शरीराने कणखर होते. तरीही त्यांना उंचीने गाठले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला, उंचीच्या आजारावरच्या जगभरच्या वैद्यकीय लेखनात त्याचा आजही आधार घेतला जातो. पुढे आपल्या लष्कराने जी शिस्त घालून घेतली तिचे आकडे प्रत्येक ट्रेकरने पाठ करावेत असे आहेत. ९ ते १२ हजार फुटांच्या पट्ट्यात पहिले सहा दिवस, त्यातले सुरुवातीचे दोन जवळजवळ पूर्ण विश्रांतीचे. १२ ते १५ हजार फुटांत आणखी चार दिवस. त्याहून वर जायचे तर आणखी चार. एकूण चौदा. सीमेवर माणूस हवा असताना, हुकमाची माणसे हाताशी असताना, लष्कर चौदा दिवस थांबते. आणि आपण आठवडाभर संगणकासमोर बसलेल्या माणसाला शनिवारी विमानात बसवून पुढच्या शनिवारी पाच हजार मीटरवर उभे करायला निघतो.

लष्कराचे प्रसंग वेगळे, पर्यटकाचे वेगळे, असे कोणी म्हणेल. तर पर्यटकांचाच पुरावा घेऊ. एव्हरेस्टच्या वाटेवर सव्वाचार हजार मीटरच्या आसपास फेरिचे नावाचे गाव आहे. तिथे १९७३ पासून हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे मदतकेंद्र चालते. तिथून जाणाऱ्या २७८ ट्रेकरांची पाहणी पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के जणांना उंचीचा त्रास झाला होता. जे विमानाने थेट लुक्लाला उतरले, जे भराभर चढले आणि ज्यांनी वाटेत कमी रात्री काढल्या त्यांना तो अधिक झाला. तरुणांनाही तो अधिक झाला. याआधी उंचीवर जाऊन आल्याचा अनुभव किंवा पाठीवरचे ओझे यांचा फारसा संबंध दिसला नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष नंतरच्या अभ्यासांनी मोडीत काढलेला नाही. आजचा वैद्यकीय सल्ला त्याच दिशेचा आहे: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच ठिकाणी काढावी. दिवसा त्याहून वर जाऊन यायला हरकत नाही. मोजायची ती झोपेची उंची.

मुक्कामाचा हा हिशेब मराठी माणसाला परका नाही. आळंदीहून पालखी निघते तेव्हा पंढरपूर किती किलोमीटर हे कोणी विचारत नाही. आज मुक्काम कुठे, उद्या कुठे, हेच विचारले जाते आणि विसावे ठरलेले असतात. हीच दृष्टी घेऊन एव्हरेस्ट बेस कॅम्पचा नेहमीचा कार्यक्रम तपासता येतो. लुक्ला २,८६० मीटरवर. पहिली रात्र खाली फाकडिंगला, मग नामचे बाजार ३,४४० वर दोन रात्री, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१० वर पुन्हा दोन रात्री, लोबुचे ४,९४०, गोरक्षेप ५,१६४ आणि तिथून ५,३६४ मीटरवरचा बेस कॅम्प. नामचे ते लोबुचे प्रत्येक टप्पा साधारण पाचशेच्या मर्यादेला टेकलेला आहे, एक-दोन ठिकाणी थोडा ओलांडलेलाही. म्हणजे ज्याला आपण आरामाचा कार्यक्रम म्हणतो त्यातही सैल जागा नाही. त्यातून नामचेची आणि दिंगबोचेची दुसरी रात्र काढून टाकली की दोन दिवस वाचतात आणि जाहिरातीत ‘कमी रजेत एव्हरेस्ट बेस कॅम्प’ असे लिहिता येते. किलिमांजारोचे गणित तर अधिक उघड आहे. मारांगू वाटेच्या पाच दिवसांच्या कार्यक्रमात तीन रात्रींच्या झोपड्या सुमारे २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरवर आहेत. दर रात्री हजार मीटर, म्हणजे सल्ल्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या मध्यरात्री उठून ५,८९५ मीटरचे शिखर. मधल्या होरोंबोला एक रात्र जास्त घेतली तर सहा दिवस होतात. लेमोशोसारख्या लांबच्या वाटेने सात-आठ. किंमत वाढते हे खरे, कारण तिथे प्रत्येक दिवसाचे उद्यानशुल्क भरावे लागते. पण स्वस्तातला पाच दिवसांचा कार्यक्रम म्हणजे त्याच सहलीची लहान आवृत्ती असे समजणे चूक आहे. शरीराच्या लेखी ती वेगळीच सहल आहे.

यावर सह्याद्रीत मुरलेल्या मंडळींचा आक्षेप ठरलेला: आम्ही अलंग-मदन-कुलंग केले आहे, कळसूबाई तर कितीदा, आम्हाला काय होणार? या अनुभवाबद्दल आदर ठेवूनच बोलले पाहिजे. सह्याद्री पाय घडवतो, गुडघे घडवतो, पावसात आणि धुक्यात डोके शांत ठेवायला शिकवतो. हे सगळे हिमालयात उपयोगी पडते. कशेळीहून पहाटे निघून आसनगावला उतरून माहुली चढून येणारा माणूस नामचेच्या चढावर इतरांपेक्षा नक्की बरा चालेल. पण माहुली ८५८ मीटर आणि राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारणपणे सुरू होतो तो अडीच हजारांच्या वर. अख्ख्या महाराष्ट्रात अशी एकही जागा नाही जिथे रात्र काढून विरळ हवेची सवय करता येईल. म्हणून सह्याद्रीतला दम आणि उंचीची सवय या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. उलट दमदार माणसाला धोका थोडा अधिकच, कारण त्याचे पाय त्याला शरीराच्या तयारीपेक्षा पुढे नेतात. महाराष्ट्रातल्या खऱ्या गिर्यारोहकांनी हे कधीच नाकारलेले नाही. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ च्या मे महिन्यात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण पोचले. हे सह्याद्रीतच घडलेले लोक. एव्हरेस्टच्या अशा मोहिमेला दीड-दोन महिने लागतात आणि त्यातला मोठा भाग वरच्या छावणीवर जाऊन पुन्हा खाली येण्यात, म्हणजे शरीराला सवय करण्यातच जातो. त्यांच्या छायाचित्रांतले शिखर आपल्या लक्षात राहते, त्यांचे थांबणे राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो उदाहरणांसह येतो: अमक्याचा गट नऊ दिवसांत जाऊन आला, कोणालाच काही झाले नाही. असे गट असतात. शरीराची ठेवण ज्याची त्याची वेगळी. काहींना घाईतही त्रास होत नाही आणि तो कोणाला होईल हे पहिल्या खेपेला आधी सांगता येत नाही. पण जाऊन आलेल्यांचे फोटो सगळ्यांना दिसतात. फेरिचेहून परत फिरलेला, लोबुचेच्या खोलीत रात्रभर डोके धरून बसलेला माणूस आपली हकीकत फारशी सांगत नाही. तो गटातही सांगत नाही, आणि मला हीच बाब सर्वांत काळजीची वाटते. बारा जणांच्या गटात एखाद्याचे डोके दुखू लागते. माझ्यामुळे सगळ्यांचा बेत बिघडेल, पैसे भरलेत, इतक्या वर्षांनी योग आला आहे, असे म्हणून तो एक गोळी घेतो आणि गप्प बसतो. कार्यक्रमात एकही मोकळा दिवस नसेल तर हे गप्प बसणे जवळजवळ अटळ होते. मोकळा दिवस असेल तर तोच माणूस सकाळी म्हणू शकतो, ‘आज नको, उद्या निघू या.’ म्हणजे जादा रात्र शरीराला तर हवीच, पण खरे बोलण्याची मुभा मिळावी म्हणूनही ती हवी.

मग गोळी, ऑक्सिमीटर आणि हेलिकॉप्टर या तीन आधारांची भाषा सुरू होते. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे ट्रेकरांच्या बोलीतली डायमॉक्स, उपयोगी औषध आहे यात शंका नाही. ती श्वास वाढवते आणि सवय होण्याची प्रक्रिया थोडी लवकर घडवते. पण ती डॉक्टरांना विचारून, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे का, मूत्रपिंडाचा विकार आहे का हे पाहूनच घ्यायची. आणि ती चांगल्या कार्यक्रमाला जोड म्हणून घ्यायची. वाईट कार्यक्रम तिने चांगला होत नाही. ऑक्सिमीटर तर कोविडच्या काळात घराघरात आला. तेव्हा ९४ च्या खाली आकडा गेला की घाबरगुंडी उडत असे. पाच हजार मीटरवर धडधाकट माणसाचा आकडाही ८० च्या आगेमागे असू शकतो. त्यामुळे केवळ आकड्यावरून ना घाबरावे, ना निर्धास्त व्हावे. त्यापेक्षा एक साधी परीक्षा प्रत्येकाने शिकून जावी. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये खेळपट्टी मोजताना मुले जशी एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत जातात, तसे संशयित माणसाला दहा पावले चालायला सांगायचे. तो झोकांड्या देऊ लागला, रेषा सोडू लागला, तर मेंदूला सूज येत असल्याचा संशय धरायचा आणि रात्र असो की थंडी, सोबत देऊन त्याला खाली न्यायचे. सकाळची वाट पाहायची नाही. आणि हेलिकॉप्टर? ते हवामान असेल तरच येते. संध्याकाळी ढग उतरले की दरीत काहीच उडत नाही. त्याचा खर्च मोठा असतो आणि साध्या प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसी ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक मुळातच वगळतात. आपण झोपणार त्या सर्वांत उंच जागेचा आकडा पॉलिसीतल्या मर्यादेत बसतो का आणि हेलिकॉप्टरने सुटका त्यात धरली आहे का, हे हप्ता भरण्याआधी वाचायला हवे. शिवाय नेपाळात गरज नसताना हेलिकॉप्टर मागवून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले की २०१८ साली तिथल्या सरकारला चौकशी करावी लागली. त्याच दरीत गरजेच्या रात्री हेलिकॉप्टर मिळेलच, या भरवशावर मुक्काम कापायचे नसतात.

रजेचा आणि पैशाचा आक्षेप मात्र मी हलक्यात घेणार नाही. गोदामाच्या कचेरीत हिशेब लिहिणाऱ्या माणसाला सोळा दिवस कुठून मिळणार? महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते. २८० दिवस काम झाले तर चौदा. आठ दिवसांची नैमित्तिक रजा वेगळी, पण ती आजारपणात आणि लग्नकार्यातच संपते. काठमांडूला जाणे-येणे, लुक्ला ते लुक्ला अकरा-बारा दिवस आणि लुक्लाचे विमान हवामानामुळे रखडते म्हणून दोन दिवस हाताशी धरले तर सोळा दिवस सहज होतात. दोन रविवार वजा जाता चौदा रजा. म्हणजे वर्षभराची सगळी. तेव्हा यंदा जाण्याचा हट्ट धरणारा माणूस घरच्यांच्या वाट्याची एकही रजा न ठेवता तरी जातो किंवा मुक्काम तरी कापतो. पण याच कायद्यात पंचेचाळीस दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवण्याची सोय आहे. दोन वर्षे दरसाल सात-सात दिवस बाजूला ठेवले की काम झाले. पैशांचेही तसेच, भिशी लावून सोने घेणाऱ्या घरांना दोन वर्षांचे नियोजन शिकवावे लागत नाही. आणि ज्याला थांबायचे नाही त्याच्यासाठी खालच्या उंचीच्या सुंदर वाटा आहेत. नेपाळमधलेच पून हिल ३,२१० मीटर. चार-पाच दिवसांची वाट, झोपायचे घोरेपानीला तीन हजारांच्या आत, आणि पहाटे धौलागिरी-अन्नपूर्णेची रांग समोर. भूतानचे ताक्त्सांग ३,१२० मीटर, दिवसात जाऊन खाली पारोला परत. या सहलींना कमी लेखण्याची वृत्ती आपल्यात आहे, ती सोडली पाहिजे. सात दिवसांच्या रजेत पून हिल पाहणारा माणूस त्याच सात दिवसांत गोरक्षेपकडे धावणाऱ्यापेक्षा जास्त हिमालय पाहतो, कारण त्याचे डोके ठणकत नसते.

मोकळे दिवस हवामानासाठीही लागतात आणि आपल्या सुट्ट्यांच्या वेळापत्रकामुळे तो प्रश्न अधिक टोकदार होतो. दिवाळीची सुटी नेपाळच्या ऐन हंगामात येते, म्हणून आपल्याकडची गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. हा काळ स्वच्छ आकाशाचा खरा. पण २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद वादळाचा उरलेला जोर नेपाळात पोचला आणि अन्नपूर्णा परिक्रमेच्या ५,४१६ मीटरवरच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक जीव घेतले. त्यात भारतीयही होते आणि नेपाळी वाटाडेही. अशा वेळी एका दिवसाने थांबता येते की नाही, हे खिंडीच्या पायथ्याशी ठरत नाही. परतीचे तिकीट कोणत्या तारखेचे काढले आहे, यावर ते महिनाभर आधी ठरलेले असते.

कैलास-मानसरोवराला जाणाऱ्यांबद्दल जरा जपून लिहावे लागते, कारण तिथे सहलीपेक्षा श्रद्धेचा भाग मोठा. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये ही यात्रा पुन्हा सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत थांबलेली इच्छा जागी झाली. मानसरोवर साडेचार हजार मीटरच्या वर, परिक्रमेतली डोल्मा ला ही खिंड ५,६३० मीटरवर, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पहूनही उंच. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेत वयाची मर्यादा १८ ते ७० आहे, बीएमआय पंचविसाच्या आत लागतो, दिल्लीत कसून तपासणी होते, लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला पुन्हा तपासतात आणि अपात्र ठरलेल्याला तिथून परत पाठवतात. तीन आठवड्यांचा हा कार्यक्रम लांबतो तो याच सावधगिरीमुळे. याउलट खासगी हेलिकॉप्टर मार्गाने नेपाळगंजच्या मैदानातून सिमिकोट, तिथून हिल्सा आणि लगेच तिबेटचे पठार असा प्रवास दोन-तीन दिवसांतही करवला जातो. प्रवासी बहुतेक पन्नाशी-साठी ओलांडलेले, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले. जुलै २०१८ मध्ये खराब हवामानामुळे सिमिकोट आणि हिल्सा इथे हजाराहून अधिक भारतीय यात्रेकरू अडकून पडले होते. ‘बोलावणे आले की जायचे’ ही भावना मी समजू शकतो. पण त्याच बोलावण्याला सरकारी यात्रेतले भाविक तीन आठवडे देतात आणि त्यांची श्रद्धा त्याने उणी होत नाही. आईवडिलांना पाठवणाऱ्या मुलांनी तरी हेलिकॉप्टरचा आराम पाहण्याआधी दर रात्रीची उंची विचारावी.

हे सगळे ग्राहकाच्या शहाणपणावर सोडून द्यावे का? मला तसे वाटत नाही. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांच्या नोंदणीची, सुरक्षेच्या नियमांची भाषा सुरू केली, हे योग्य झाले. पण ते धोरण राज्यातल्या उपक्रमांसाठी आहे. मुंबई-ठाण्यात बसून विकल्या जाणाऱ्या परदेशी ट्रेकच्या पत्रकावर कोणते हॉटेल, किती जेवणे, कोणत्या दर्जाची गाडी हे बारकाईने छापलेले असते. प्रत्येक रात्रीची उंची मात्र बहुधा नसते. ती छापणे बंधनकारक करावे. एक ओळ पुरते: रात्र, ठिकाण, मीटर. तिच्याखाली किती मोकळे दिवस धरले आहेत, आजारी माणसाला खाली न्यायला स्वतंत्र वाटाड्या आहे का, हे दोन तपशील. यात आयोजकाचा खर्च वाढत नाही आणि प्रामाणिक आयोजकाचा फायदाच होतो. आज तो दोन रात्री जास्त देतो म्हणून महाग दिसतो आणि गिऱ्हाईक गमावतो. पर्यटकांना नियमांत बांधून साहसाची मजा जाईल, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की, औषधाच्या बाटलीवर मात्रा छापल्याने कोणाचे स्वातंत्र्य गेले?

नियम होईल तेव्हा होईल. तोवर कशेळीतल्या एखाद्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमलेल्या गटाला हे स्वतःच करता येते. अ‍ॅडव्हान्स भरण्यापूर्वी तीन रकान्यांचा तो कागद आयोजकाकडून मागून घ्यावा आणि तीन हजारांच्या वरचे आकडे एकाखाली एक वजा करून पाहावेत. कोणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार, ते नाव घरूनच ठरवून निघावे, म्हणजे तिथे त्यागाचा प्रश्न उभा राहत नाही. आणि आपल्या बॅगा वाहणाऱ्या माणसांचाही त्या कागदात विचार व्हावा. नेपाळातले भरिये सगळेच शेर्पा नसतात. कितीतरी जण खालच्या टेकड्यांतल्या शेतांवरून हंगामापुरते आलेले असतात आणि उंची त्यांनाही तितकीच बाधते. त्यांना डोके दुखले तर दिवसाची मजुरी जाईल म्हणून ते आपल्यापेक्षाही जास्त गप्प राहतात. दिंगबोचेला दुसरी रात्र घेतली तर ती त्यांनाही मिळते. त्या दिवसाची त्यांची मजुरी बारा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम फार मोठी होणार नाही. ती खर्चाच्या पहिल्याच कागदावर धरून ठेवावी.